इंजिनाची बुजवलेली भोकं

"भोकं कुठे गेली?" मी विचारलं.

मी फायरबॉक्सवर, म्हणजे इंजिनात कोळसा जळतो त्या पेटीवर, बाहेरून हात फिरवत होते. पत्रा आरशासारखा गुळगुळीत.

"बुजवलंय," परबकाका अभिमानाने म्हणाले. "गंजान पडलेली. एकेक साफ केलंय, लांबी भरलंय, रंग मारलंय. दोन म्हयने लागले." लांबी म्हणजे पत्र्याचे खड्डे भरायची पुट्टी.

मी बॉयलर इन्स्पेक्टर. आमच्या जामसंड्याच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. हे मी कोणी न विचारता सांगते. कुडाळजवळच्या एका छोट्या रेल्वे म्युझियमच्या वर्कशॉपमध्ये सहा निवृत्त माणसं फुकट राबून एक वाफेचं इंजिन उभं करत होती. साखर कारखान्याने भंगारात काढलेलं. परबकाका त्यांचे पुढारी, बस डेपोतले जुने मेकॅनिक. रविवारी इंजिन पेटवायचं होतं, गावभर आमंत्रणं गेली होती. फक्त माझं सर्टिफिकेट बाकी.

फायरबॉक्सला दोन भिंती असतात, मधे पाणी. वाफेच्या दाबाने त्या फाकू नयेत म्हणून शेकडो बोल्टांनी बांधतात. त्या बोल्टांना स्टे म्हणतात. प्रत्येक स्टेला बाहेरून मुद्दाम बारीक भोक पाडलेलं असतं. स्टे आत तुटला की त्यातून पाणी येतं. कळायची तेवढीच सोय, आणि काकांनी नेमकी तीच बंद केली होती.

"सगळी उघडा. मग हायड्रो टेस्ट."

हायड्रो टेस्ट म्हणजे बॉयलरमध्ये थंड पाणी गच्च भरून जास्तीचा दाब द्यायचा. पाण्याने फुटलं तर कपडे भिजतात. वाफेने फुटलं तर माणसं जातात.

"तू खंयची गो?"

"जामसंड्याची."

"मगे आपलीच मां तू! रविवारी एक फेरी मारूक दी. मगे उघडतंय. तुझ्या काकूक पयल्या फेरीत बसवतलंय म्हणान सांगलंय."

काकू चहा घेऊन तिथेच उभ्या होत्या. "ह्या लांबयेच्या भरवश्यार माका नाय बसाचां," त्या म्हणाल्या. "आयुष्यभर लोकांच्यो गाड्यो नीट केल्यात. माका आजून दोन म्हयने थांबाक काय धाड भरली?"

काकांनी हँड ड्रिल उचललं.

शनिवारी टेस्ट घेतली. दाब चढला आणि शेजारशेजारच्या तीन भोकांतून पाण्याची बारीक धार आली. तीन स्टे तुटलेले. काकांनी एका धारेवर बोट ठेवलं, काढलं.

"लोकांना सांगा, इन्स्पेक्टर बाईने अडवलं," मी म्हटलं.

"नाय. भोकां मी बुजवलेलंय, तांच सांगतलंय." आणि त्यांनी पहिला फोन लावला.

नवे स्टे बसवून झाल्यावर मी पुन्हा गेले. टेस्ट पास. जुन्या यंत्रातली खोड दुरुस्त करण्याआधी ती खोडच आहे ना, हे विचारावं, एवढंच मी शिकवू शकले असते. गरज पडली नाही. काकांनी प्रत्येक भोकाभोवती पांढऱ्या रंगाने गोल काढून ठेवला होता. इंजिन अंगभर देवीचे फोड आल्यासारखं दिसत होतं.

मी सही केली.