कार्डांचा डबा आणि अब्दुलभाईंची स्प्रिंग

आमच्या ह्यांना पोलाद कसं मोडतं याचं भारी वेड. राधाकृष्ण नाव, तंत्रनिकेतनात शिकवायची नोकरी, सावेडीत दोन खोल्या आणि संसाराला मी. पण चित्त सगळं पोलादात. त्यात हायड्रोजनचे अणू शिरले की ते ठिसूळ का होतं, हे त्यांना गणितानं मांडायचं होतं. मला समजावताना म्हणाले, "फेर धरलेल्या बायकांच्या हातांमधून पोरं घुसायला लागली तर फेर तुटेल ना? तसंच." एवढ्यासाठी माणूस वर्षानुवर्षं कागद खरडतो, याचं मला नवल वाटायचं.

गणित करायचं पुण्याच्या कॉम्प्युटरनं. त्याला वाचता यावं म्हणून भोकं पाडलेली कार्डं बिस्किटाच्या डब्यात घालून हे एसटीनं जायचे. कार्डांचा क्रम बिघडला की सगळं मुसळ केरात. एकदा स्टँडच्या वाटेवर सायकलच्या कॅरिअरची स्प्रिंग तुटली, चिमटा सुटला आणि कार्डं रस्ताभर. ती पुन्हा लावण्यात आमची संक्रांत गेली. तेव्हापासून हे डबा उराशी धरून पायी जायचे आणि मी हसायचे.

ती स्प्रिंग ह्यांच्या ओळखीच्या अब्दुलभाईंच्या हातची होती. नागापूरला त्यांची प्लेटिंगची, म्हणजे लोखंडावर चकचकीत मुलामा चढवायची, लहानशी शेड. एकाहत्तरच्या दिवाळीआधी ते आमच्याकडे आले ते तोंड पाडूनच. कॅरिअरच्या कारखानदारानं निरोप धाडला होता, पुढचा माल मोडला तर काम दुसऱ्याला. तेच एक मोठं काम होतं. ते गेलं की शेडला कुलूप.

"सर, टाकीतनं काढली की कशी झळझळीत दिसती. ताण देऊन ठेवली की सकाळी दोन तुकडे. तार बदलली, लिंबू बांधलं, काय बी उपेग न्हाई."

ह्यांचा चेहरा असा फुलला की मला रागच आला. माणूस बुडतोय आणि हे खूश. पण बोलले ते कामाचं. ॲसिडनं धुताना आणि प्लेटिंग करताना हायड्रोजन आत शिरतो आणि जिथे ताण जास्त तिथे गोळा होतो. प्लेटिंग झाल्याबरोबर स्प्रिंगा काही तास दोनशे डिग्रीला भाजल्या तर तो निघून जाईल. कॉम्प्युटरनंही हेच सांगितलं होतं म्हणे. खऱ्या स्प्रिंगवर मात्र ह्यांनी कधी करून पाहिलं नव्हतं.

"भट्टी कुठनं आनू?" अब्दुलभाई म्हणाले.

मी तेव्हा नानकटाईचा डबा घेऊन मुबारकबींच्या बेकरीकडे निघाले होते. दिवाळीत आम्ही साऱ्याजणी पीठ घरी मळायचो आणि तिथल्या भट्टीत भाजून आणायचो. दोघेही माझ्या डब्याकडे बघत राहिले.

मुबारकबी भट्टीच्या बाबतीत कडक. "नानकटाईला ॲसिडचा वास लागला तर समद्या बाया माझ्या नावानं खडे फोडतील," म्हणाल्या. मग मीच मध्ये पडले. स्प्रिंगा स्वच्छ धुऊन, कोरड्या करून, सगळ्यांची नानकटाई निघाल्यावर आत जातील असं ठरलं. ठरल्या दिवशी हे थर्मामीटर घेऊन भट्टीच्या तोंडाशी बसले. मुबारकबी विस्तव मागेपुढे करायच्या आणि ह्यांना बोलायच्या. दोघांचं भांडण ऐकायला बायका मुद्दाम रेंगाळल्या.

मग अब्दुलभाईंनी स्प्रिंगा कॅरिअरना लावल्या आणि चिमट्यांत लाकडी ठोकळे अडकवून तशाच ताणून ठेवल्या. सकाळी ते सायकल दामटत आमच्या दारात.

"एक बी मोडली न्हाई."

माल गेला, काम टिकलं. आठवड्यानं ह्यांना पुन्हा पुण्याला जायचं होतं, तेव्हा अब्दुलभाईंनी स्वतः येऊन ह्यांच्या सायकलला नवं कॅरिअर बसवलं. हे कार्डांचा डबा घेऊन बाहेर आले. नेहमीसारखे उराशी धरतील, म्हणून मी पिशवी पुढे केली. ती ह्यांनी बाजूला सारली, चिमटा उचलला, डबा खाली सरकवला आणि टांग मारली.

"सर, हातात घ्या की," अब्दुलभाई घाबरून म्हणाले. "रस्ता लई खराब हाय."

"स्प्रिंग तुमची आहे," हे म्हणाले आणि निघाले.

कोपऱ्यावर सायकल दिसेनाशी होईपर्यंत अब्दुलभाई उभे होते. मग बाहीनं डोळे पुसत म्हणाले, "वहिनी, च्या टाका."