साहेबांनी काढलेलं देवक

आणीबाणी उठली, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात आमच्या पुढच्या खोलीत एक इंग्रज राहत होता. खरंच सांगते. नाशकात लोक गोदेवर पिंडदानाला यायचे, हा माणूस थडगी वाचायला आला होता. देवळालीच्या छावणीत जुन्या इंग्रजांच्या थडग्यांवर दगडी ढाली कोरल्यात, त्यांवर सिंह, फुलं, पट्टे. ते बघून हा सांगायचा, मेलेला कोणत्या घराण्यातला, कितवा मुलगा, बायको कुठली. तिकडच्या विद्यापीठात हेच शिकवायचा म्हणे. आमचे हे शाळेत इंग्रजीचे मास्तर. वाचनालयात ओळख झाली आणि हे त्याला घरीच घेऊन आले. "उन्हाळ्यापर्यंतचाच तर प्रश्न आहे," म्हणाले. डबा कोण करणार हा प्रश्न माझा होता, पण ते असो.

साहेब साठी उलटलेले, पाठीत वाकलेले. दमलेल्या माणसाला दमलेलं माणूस लगेच कळतं. मीही तेव्हा दमलेलीच होते. थोरलीचं जमत नव्हतं. पोहे करायचे, मुलीला पुढे करायचं, मग "कळवतो" म्हणून गेलेल्यांची वाट बघायची. शेवटी येवल्याचं एक स्थळ जुळत आलं. मुलगा मनमाडला रेल्वेत, माणसं साधी. मी मनातल्या मनात म्हटलं, आता हे तेवढं पार पडू दे, मग मी खुशाल आडवी होते.

साहेब मराठी पुस्तकातून शिकलेले. एकदा जेवताना म्हणाले, "वहिनी, आपल्या कुळाचे चिन्ह कोणते?"

सासूबाई विंचूरकडच्या. त्या म्हणाल्या, "चिन्ह-बिन्ह नाय बाबा. आमचं देवक हाय. कळंब."

मग मी समजावलं. लग्नाच्या आधी आपल्या देवकाच्या झाडाची डहाळी आणून पुजायची. आणि दोन घरांचं देवक एकच निघालं तर ती भावकी. तिथं सोयरीक होत नाही.

साहेबांचा घास हातातच राहिला. डहाळीच्या पुढचं त्यांनी ऐकलंच नव्हतं. "म्हणजे ढालच ही!"

तेव्हापासून त्यांना देवकाचं वेडच लागलं. बोलणीसाठी हे येवल्याला निघाले तर साहेबही बरोबर. यांची देण्याघेण्याची बोलणी चालली होती, तेवढ्यात साहेब ओट्यावर मुलाच्या आजोबांना देवक विचारून आले. साखरपुड्याला भेट म्हणून दोन्ही घरांच्या दोन ढाली शेजारी शेजारी रंगवल्या आणि भिंतीला वाळायला लावल्या.

त्याच दिवशी विंचूरहून थोरले दीर आले. टोपी काढता काढता त्यांनी चित्र बघितलं. दोन्ही ढालींवर कळंबाचं फूल.

"हे काय? त्यांचंही कळंबच?"

"तसं ते म्हणाले," साहेब खुशीत होते.

"मग लग्न कुणाचं लावताय, मास्तर? बहीण-भावाचं? विचारलं नाही का आधी कुणी?"

विचारायचं ठरलं होतं. हे म्हणत होते दादांनी, म्हणजे दिरांनी विचारलंय, दादांना वाटत होतं यांनी. थोरली आत कणीक मळत होती. तिचा हात थांबलेला मला बाहेर कळला.

दीर म्हणाले, "उद्या नकार कळवा."

साहेब हळूच म्हणाले, "आमच्याकडे अशा वेळी धाकट्याच्या ढालीवर छोटी चंद्रकोर काढतात. म्हणजे फरक कळतो."

सासूबाई म्हणाल्या, "हा, आन् त्या चंद्रकोरीला पोरगी देऊ का?"

नकाराआधी एकदा खात्री करू, असं मीच म्हटलं. पण उघड विचारलं तर त्यांच्याच मनात शंका घातल्यासारखं व्हायचं. मग पैठणीचे माग बघायचं निमित्त काढलं आणि साहेबांना घेऊन मी एसटीत बसले.

येवल्यात आजोबा ओट्यावरच होते. तोंडात एकही दात नाही. साहेबांनी वाकून विचारलं, "आजोबा, आपले देवक पुन्हा सांगाल?"

"कळक!"

"कळंब?"

"अहो, कळक, कळक! बहिरा हायेस का रं?" म्हाताऱ्यानं हातातली काठी साहेबांच्या गुडघ्यावर ठकठक आपटली. "ही कशाची हाय? ह्यो कळक!"

बांबू. कळक म्हणजे बांबू. साहेबांना तो शब्दच ठाऊक नव्हता. कानात कळंब बसलेला, त्यांनी तोच ऐकला. ते मटकन पायरीवर बसले. मीही बसले. आतून विहीणबाईंनी विचारलं, "उन्हाचा त्रास झाला का हो?" मी म्हटलं, "हो, उन्हाचाच."

परतीच्या गाडीत साहेब म्हणाले, "वहिनी, जन्मभर मी दुसऱ्यांच्या ढालींतल्या चुका काढल्या."

मी म्हटलं, "नाशिक येईपर्यंत डोळे मिटा, साहेब."

त्यांनी दुसरी ढाल नव्यानं रंगवली. पण बांबूची पेरं जाड आली. लग्नात आमचा खराखुरा कळंब खांबाला बांधलेला, जवळच ते चित्र, आणि त्याखाली खुर्चीत साहेब मान टाकून झोपलेले. वऱ्हाडातल्या कुणीतरी मोठ्यानं विचारलं, "ऊस कशाला काढलाय हो?"

मी म्हटलं, "कळकच आहे तो. आणि हळू बोला. माणसाचा आत्ता डोळा लागलाय."