दाव्याकडे जाणारा हात

"दावं सोडा बाप्पा, मंग बोलू."

गोठ्यात पाऊल टाकताच गुरांचे डॉक्टर हे म्हणत आणि त्यांचा हात जनावराच्या गळ्याकडे जाई. तो हात पाहून आमच्या जैनाबादेत भल्याभल्यांचं काळीज लक्कन हलायचं. गळ्यात दावं असताना जनावर मेलं तर धन्याला पाप लागतं, म्हणून आम्ही ते अखेरच्या घडीला सोडतो. डॉक्टर मात्र साध्या तपासणीलाही सोडायला लावत. मोकळं जनावर कसं चालतं ते त्यांना पाहायचं असे. हे पटायचं कुणाला? ते लस टोचायला आले तरी लोक दावं मनगटाला गुंडाळून उभे राहत.

दिवसच संशयाचे होते. राज्यांची नवी वाटणी होऊन नागपूरचे कागद भोपाळला जाऊ लागले होते आणि डॉक्टर पडले वऱ्हाडचे, म्हणजे रातोरात परराज्यातले. सुई देऊन मारतो आणि चमडं विकतो, असं बोललं जाई. मी तापीपलीकडच्या शहरातून आलेली नवी सून, पण संशय घ्यायला मला कुणी शिकवावं लागलं नाही. तुमच्याही गावात असं एखादं माणूस असेल, ज्याच्यावाचून अडतं, पण ज्याला पाणी विचारताना हात आखडतो.

त्या पौषात आमचा ढवळ्या नदीच्या उतारात पडला. पाय दगडांत अडकून हाड बाहेर आलं. गड्यांनी त्याला कसाबसा केळीच्या बागेपर्यंत आणला. डॉक्टरांनी पाय पाहिला आणि मान हलवली.

"हा आता उभा नाही होत. सुई देऊ द्या."

माझे सासरे दावं छातीशी धरून बसले. "गोहत्या माझ्या हातून नाही होणार, डाक्टरसाब. आपल्या मौतीनं जाईल तो."

ढवळ्या करकरा दात खात होता. ऐकवत नव्हतं.

"मग मला दान करा," डॉक्टर म्हणाले. "बैल माझा, पाप बी माझं."

मी तांब्या आणला. मामंजींनी डॉक्टरांच्या ओंजळीत पाणी सोडलं, दावं काढलं आणि तोंड फिरवलं. डॉक्टर ढवळ्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटले. सुईनंतर थोड्याच वेळात दातांचा आवाज थांबला. मला रडू आलं आणि बरंही वाटलं.

खड्डा बागेतच खणला. माती लोटली तरी मामंजी हलेनात. कातडं कुणी उकरून नेईल ही शंका. पाहतात तो पलीकडच्या बांधावर डॉक्टरही बसलेले.

"तुम्ही कशाले थांबले?"

"बैल माझा आहे. तुमचा काय भरोसा?"

दिवेलागणीपर्यंत दोघे एकमेकांवर पहारा करत बसले. मी दोघांनाही चहा नेऊन दिला.

वर्ष सरायच्या आत डॉक्टरांची वऱ्हाडात बदली झाली. सामान स्टेशनवर न्यायला कुणी बैल जुंपेना. शेवटी मामंजींनीच पवळ्याला, ढवळ्याच्या जोडीदाराला, शेजाऱ्याच्या बैलासोबत जुंपलं. मला माहेरी जायचं होतं, म्हणून मीही गाडीत बसले.

स्टेशनवर इंजिनाच्या शिट्टीला पवळ्या बुजला. मामंजींना ट्रंक उतरवायची होती. त्यांनी दावं हातात घेतलं, क्षणभर घुटमळले आणि डॉक्टरांपुढे धरलं.

"जरा धरा डाक्टरसाब. लई बुजतो तो."

डॉक्टरांनी ते दोन्ही हातांनी धरलं. ट्रंक उतरली, वळकटी उतरली, रेल्वे फलाटाला लागली, तरी सोडेनात. त्यांचे डोळे भरून आले होते.

अखेर मामंजीच हळू म्हणाले, "दावं सोडा बाप्पा. गाडी चुकंल."