कक्ष चारमधली पाणमांजरं

माझ्या ताईचा नवरा वनरक्षक. मेव्हणी म्हणून त्यांची चेष्टा करायचा हक्क मी बावीस वर्षं बजावला. जेवायला बसलं की हा माणूस बेडकांबद्दल बोलणार! पण भाऊजींच्या कामाला मी कधी हसले नाही. दर शनिवारी उजाडताच ते चौकीतून निघायचे, ठरलेल्या पायवाटेने राखीव जंगलाची फेरी मारायचे आणि दिसेल तो प्राणी मोजून फॉर्मवर लिहायचे.

जंगल कसलं, खडकाळ टेकडी. कुणालाच नको होती म्हणून राखीव केली, असं माझं स्पष्ट मत. खरी वस्ती जाळीच्या कुंपणापलीकडे, पाणथळ जागेत. बगळे, कासवं आणि पाणमांजरांचं मोठं खटलं. पायवाट कुंपणाला लागूनच जायची, त्यामुळे सगळं दिसायचं. पण फॉर्मवर रकाना एकच, कक्ष क्रमांकाचा, म्हणजे राखीव जंगलाच्या कुठल्या तुकड्यात दिसलं ते. बाहेरचं लिहायला जागाच नाही. आधीच्या वनरक्षकाने शिकवून ठेवलं होतं, "दिसेल ते जवळच्या कक्षात टाकायचं." भाऊजी टाकत गेले. पाणमांजरं कक्ष चारमध्ये गेली ती कायमची. वरचे साहेब खूश, आमच्या जंगलात बघा किती प्रकारचे जीव!

यंदा ती पाणथळ जागा बुजवून गोदामं बांधायचं ठरलं. हरकती मागवल्या. भाऊजी रजिस्टरांचा गठ्ठा घेऊन सुनावणीला गेले, सोबत मी. अधिकारीबाईंनी शांतपणे पानं उलटली.

"पाणमांजरं चौदा, कक्ष चार. म्हणजे कुंपणाच्या आतच ना? मग ती सुरक्षितच आहेत की."

"नाही मॅडम, ती बाहेर राहतात."

"पण लिहिलंय आत. सही तुमचीच ना?"

भाऊजींचा चेहरा पडला. मला मात्र त्यांचाच राग आला. बावीस वर्षांत समासात एक ओळ लिहायला काय हात मोडला होता? घरी येईपर्यंत मी तोंडसुख घेतलं. 

"मला वाटायचं, कागदावर आली म्हणजे वाचली," भाऊजी एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून त्यांनी लिहून काढलं, की कक्ष चारमधल्या नोंदी मुळात कुंपणाबाहेरच्या आहेत आणि चूक माझी आहे.

ताई म्हणाली, "अहो, निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. घरी बसवतील तुम्हाला."

"बसवू देत," म्हणत त्यांनी सही ठोकली. त्या क्षणी मला त्यांचा फार अभिमान वाटला.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. वनरक्षकाच्या कबुलीमुळे सर्व नोंदी अविश्वसनीय ठरतात, सबब पाणथळ जागेत वन्यजीव असल्याचा पुरावा नाही, भरावास परवानगी. त्याच आठवड्यात कार्यालयाचा वार्षिक अहवाल आला. त्यात ठळक अक्षरांत होतं: राखीव जंगल, कक्ष चार, पाणमांजरं चौदा, संवर्धन यशस्वी.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन्ही कागद घेऊन मी कार्यालयात गेले आणि कारकुनाच्या टेबलावर आपटले. "नोंदी खोट्या, तर हे चौदा आले कुठून?"

"अहो बाई, अहवाल आधीच छापून झाला होता," तो म्हणाला आणि त्याने चहा मागवला. माझ्यासाठीसुद्धा! मी तो तसाच टाकून निघाले.

शनिवारी भाऊजी फेरीवर गेले. हट्टाने मीही गेले. पलीकडे डंपर मुरूम ओतत होते. पाणी निम्म्यावर आलेलं आणि पाणमांजरं जाळीला येऊन थडकलेली, पिल्लांसकट. भाऊजींनी खिशातून पक्कड काढली आणि ज्या कुंपणाची राखण करायचा पगार घेतला, तेच कुंपण माणूस जाईल एवढं कापलं. मग आम्ही दोघं लांब जाऊन बसलो.

ऊन चढल्यावर सगळ्यात मोठं पाणमांजर आत आलं. तापलेल्या खडकावर दोन पावलं टाकली, नाक वर करून वास घेतला. पाणी कुठेच नव्हतं. ते वळलं आणि डंपरच्या दिशेने परत गेलं. मागोमाग पिल्लंही.