शेजारणीने घातलेली साखर
रॉकेलचा वास आला की इस्रायलमधल्या पेताह तिक्वा गावातलं आमचं पहिलं स्वयंपाकघर आठवतं. तेव्हा मी इस्पितळाच्या लाँड्रीत कामाला होते आणि घरी यायला संध्याकाळ व्हायची, म्हणून सकाळीच हिरवं वाटण आणि नारळाचं दूध घालून कोंबडी वातीच्या स्टोव्हवर अगदी मंद आचेवर ठेवून जायची. समोरच्या पोलिश आजीबाई तिच्यावर लक्ष ठेवत आणि चार वाजता त्यात नूडल्स सोडत. तेवढंच त्यांचं काम. एकदा घरी आले, तर नवरा आणि मुलं पातेलं निपटून खात होती. मी बोट लावून चाखलं, तर गोड! तशीच समोर गेले. “काय घातलंत त्यात?” “दोन चमचे साखर,” त्या शांतपणे म्हणाल्या, “फार तिखट होतं, मी सुधारलं.” माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या आईच्या हातची चव ती, तिला सुधारायला काय झालं होतं? पाय आपटत परतले, तर धाकटी हिब्रूत म्हणते, “इमा, उद्यापण असंच कर!” आणि नवरा ताटात बघून हसला. आजीबाईंना मी केव्हाच माफ केलं. त्या दोघांना अजून नाही.