एक पान, एक गिरकी

शाळेत किस्से साठवावे लागत नाहीत. खडूच्या धुळीसारखे ते रोज अंगावर पडतात, झटकायला वेळ नसतो, म्हणून जमतात. आमची शाळा बदलापूरच्या खरवईची. निम्मी मुलं नव्या टॉवरमधली, निम्मी डोंगराकडच्या वाड्यांवरची. गेल्या वर्षी भोईर मॅडम मुख्याध्यापिका म्हणून आल्या आणि आमच्या स्टाफरूमची चहा-बिस्किटांची शांतता संपली ती संपलीच!

*

पहिल्याच मीटिंगमध्ये मॅडमनी विचारलं, "वाचता न येणारी मुलं कुणाकुणाच्या वर्गात आहेत?"

आम्ही सगळे पंख्याकडे बघू लागलो. सर्वांत सीनियर चौधरी सर. ते म्हणाले, "माझ्या सहावीत एकही कच्चा नाही, मॅडम."

"अरे वा! मग बाकीच्या वर्गांतली कच्ची मुलं पण उद्यापासून तुम्हीच घ्या. तुमचा हात चांगला दिसतोय."

दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपायच्या आत सरांना आपल्या वर्गातली भरपूर कच्ची मुलं आठवली.

*

मुलं सापडली, पण बसवायला खोली नव्हती. मॅडमनी सरळ आपली केबिन दिली. टेबल बाहेर पॅसेजमध्ये, पाण्याच्या नळाशेजारी. आत सतरंज्या, गोष्टींची पुस्तकं आणि मॅडमची फिरती खुर्ची. खुर्ची मुद्दाम ठेवलेली. नियम एकच: एक पान वाचा, खुर्चीवर एक गिरकी घ्या!

आनंदनगर एमआयडीसीत कामाला असलेले एक पालक शिफ्टच्या आधी घाईघाईत आले. मॅडमना नळाजवळ बसलेलं बघून हळहळले. "काय मॅडम, तुम्हाला पण बाहेर काढलं?"

"हो ना," मॅडम म्हणाल्या, "सगळी मुलं वाचायला लागेपर्यंत आत घेणार नाहीत म्हणतात."

*

गिरकीची बातमी फुटली. माझ्या सातवीतली ईश्वरी, कायम पहिला नंबर. ती एके दिवशी केबिनच्या दारात जाऊन उभी राहिली. चेहरा एकदम केविलवाणा. "मॅडम, मला अचानक वाचता येईनासं झालंय."

"अरेरे," म्हणत मॅडमनी एका कागदावर काहीतरी लिहिलं आणि तिच्यापुढे धरलं. ईश्वरीने एक नजर टाकली आणि किंचाळत पॅसेजच्या टोकापर्यंत धूम ठोकली.

मी कागद उचलून बघितला. 'तुझ्या मागे पाल आहे.'

*

गिरक्या घेऊन घेऊन खुर्ची करकरायला लागली. उल्हासनगरहून दुरुस्तीवाले शेठ आले. खुर्ची उलटी करून बघतात तो काय, खालचा रॉड पार झिजलेला! "मॅडम, इतनी किसने घुमाई?"

"मीच. टेन्शन आलं की फिरते."

शेठनी एकवार मॅडमकडे बघितलं, एकवार आत कलकलणाऱ्या मुलांकडे. "फिर एकदम हेवी वाला डालता हूँ. तुमचं टेन्शन लाँग टर्म आहे."

*

सगळ्यांनी गिरक्या घेतल्या. राहिली एक मंगल. बारवी धरणाकडच्या वाडीवरची, चौधरी सरांच्या सहावीतली. पुस्तक मांडीवर, बोट ओळीखाली, ओठ मात्र मिटलेले. मॅडम रोज आपल्या आगरी बोलीत विचारायच्या, "बाला, आज?" मंगल रोज मान हलवायची. मॅडम तिच्या घरीही जाऊन आल्या. आई म्हणाली, "घरी तं तिचा तोंडच बंद होत नाय!"

परत आल्यावर मॅडम मला म्हणाल्या, "सर, ही एक राहिली ना, तर माझं वर्ष फुकट गेलं." एरवी प्रत्येक वाक्याला हसणारी बाई, तेव्हा हसली नाही. मलाही वाईट वाटलं.

त्यात आमच्या संस्थेच्या सेक्रेटरी साहेबांचा फोन आला. "केबिन म्हणजे काय पाळणाघर आहे? त्या खुर्चीला एक मान असतो!" मग त्यांनी फैसलाच सुनावला. ते स्वतः येणार, सतरंजीवरच्या कुठल्याही एका मुलाला उठवणार. वाचलं तर ठीक, नाहीतर वर्ग बंद आणि टेबल परत आत.

मोठे साहेब येणार म्हटलं की कच्च्या मुलांना त्या दिवशी सुट्टी द्यायची, ही आमची जुनी रीत. चौधरी सरांनी आदल्या दिवशी मंगलला गुपचूप सांगितलं, "उद्या नको येऊस."

ती सगळ्यांच्या आधी आली. वर पहिल्या रांगेत बसली.

साहेब आले आणि थेट फिरत्या खुर्चीत बसले. सतरंजीवर नजर फिरवली आणि बोट केलं ते नेमकं मंगलकडे. चौधरी सरांनी खिशातला रुमाल काढला.

मंगल उठली. पुस्तक उघडलं. बाहेर नळ ठिबकत होता. साहेबांनी घड्याळ बघितलं. मॅडम म्हणाल्या, "बाला, आज?"

मंगलने ओळीखाली बोट ठेवलं आणि वाचायला लागली. सावकाश, एकेक शब्द. एका जोडाक्षराला अडली, मागे गेली, पुन्हा आली, पार करून गेली. अख्खं पान! मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या आणि पदराने चष्मा पुसत होत्या.

साहेब अगदी खूश झाले. खुर्चीत रेलून म्हणाले, "शाब्बास! बोल बेटा, काय बक्षीस देऊ?"

मंगलने पुस्तक मिटलं, जाग्यावर ठेवलं आणि साहेबांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"उठा," ती म्हणाली.