अर्धी जाहिरात: पुण्याला आलेली मोटार आणि रत्नागिरीत राहिलेली बोट

लोक रत्नागिरीला आंब्यासाठी जातात, गणपतीपुळ्याला नारळ द्यायला जातात, काही जण नुसतंच समुद्राकडे बघत बसायला जातात. आम्ही दोघं ऐंशीच्या दशकात तिथे गेलो ते एका जाहिरातीसाठी. हे मी आजवर फारसं कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं की ऐकणारा आधी माझ्याकडे आणि मग माधवकडे कीव येऊन बघतो.

माधव म्हणजे माझा नवरा. नोकरीने ड्राफ्ट्समन आणि व्यसनाने जाहिरातवेडा. जुन्या विलायती मासिकांतल्या, हाताने रंगवलेल्या जाहिराती तो जमवायचा, त्याही फक्त दोनच जातींच्या: प्रचंड आगबोटींच्या आणि लांबलचक मोटारींच्या. पुण्यातले सगळे रद्दीवाले त्याला नावाने ओळखत. आमच्या खाटेखाली गाद्या-उशांऐवजी जहाजं होती. "हे बघ," तो मला दाखवायचा, "चित्रकाराने माणसं मुद्दाम पोपटाएवढी काढली आहेत, म्हणजे मोटार केवढी दिसते!" मी बघायचे आणि भाजी फोडणीला टाकायला जायचे.

एके दिवशी त्याच्या ऑफिसातले सुर्वे म्हणाले, "आमच्या तात्यांकडे रत्नागिरीला असलं एक मोठं चित्र आहे. बोटही आहे, मोटारही आहे. तात्या बोटीवर होते ना! जा, घेऊन या. त्यांना काय करायचंय?" दुसऱ्याच्या घरातली वस्तू देऊन टाकताना माणूस कर्णाचा अवतार होतो. बोट आणि मोटार एकाच चित्रात म्हटल्यावर माधवला दोन रात्री झोप नाही. दिवाळी झाली आणि आम्ही निघालो.

चित्र गुंडाळून आणायला माधवने पत्र्याचं एक लांब नळकांडं करून घेतलं होतं. एसटीत ते कुठेच मावेना. शेवटी आमच्या दोघांच्या मध्ये तिसऱ्या प्रवाशासारखं उभं केलं.

"ह्यात काय आहे?" कंडक्टरने विचारलं.

"काही नाही, रिकामं आहे."

"रिकामं घेऊन चाललाय? कशाला?"

"भरून आणायला."

कंडक्टरने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

कराडपर्यंतचा प्रवास सुखाचा झाला. पुढे मलकापूर सोडून आंबा घाट लागला आणि माझ्या पोटात कालवाकालव सुरू झाली. जाणार असाल तर अनुभवाचे बोल ऐका: पुढच्या सीटवर बसा, तोंडात आवळकाठी धरा आणि घाटाआधी मिसळ खाऊ नका. मी यातलं एकही केलं नव्हतं. घाट उतरला, साखरपा गेलं, रस्त्याकडेची माती तांबडी झाली, हवा दमट झाली आणि माझा जीव भांड्यात पडला. रत्नागिरीत स्टँडजवळच्या लॉजमध्ये स्वस्तात खोली मिळाली. पंखा होता, पण फिरण्याबाबत तो आपल्या मर्जीचा मालक होता. खानावळीत मात्र तव्यावरचा बांगडा, उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी असं जेवलो की घाटाचे सगळे अपराध पोटात घातले. वाढणारा म्हणाला, "आंब्याच्या दिवसांत यायचं होतं." हे वाक्य पुढे आम्हाला रिक्षावाल्याने, लॉजच्या मालकाने आणि एका अनोळखी आजोबांनीही ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिरकरवाड्याला गेलो. बंदरात मासळीचा लिलाव ऐन रंगात होता. कोण किती बोलतंय ते आम्हाला कळत नव्हतं, आणि माधव नाक खाजवायला हात वर करायला गेला तेव्हा मी तो धरूनच ठेवला. बर्फाच्या लाद्या, जाळी आणि टोपल्या यांतून वाट काढत पत्ता विचारला. जाळं विणणारा एक जण मान वर न करता म्हणाला, "बोटवाले तात्या काय? वर चढा. जिथं भांडान ऐकू येईल तां घर."

खरोखरच ऐकू आलं.

तात्या पडवीत बसले होते आणि काकी आतून त्यांना काहीतरी सुनावत होत्या. सुर्व्यांचं नाव सांगताच भांडण थांबलं, पाणी आलं, गूळ आला, "आंब्याच्या दिवसांत..."ही आलं. मग तात्यांनी आम्हाला आत नेलं. देव्हाऱ्याच्या शेजारच्या भिंतीवर ते चित्र होतं.

माझ्यासारख्या अरसिक बाईचाही श्वास अडकला. खाली परदेशातला एक दगडी धक्का आणि त्यावर उघड्या टपाची लालभडक मोटार. मागे आकाश व्यापून उभी असलेली काळीपांढरी आगबोट. बोटीचा जाड दोर धक्क्यावरच्या खुंटाला बांधलेला. आणि बोटीच्या टोकाला कुंकू! एकदा लावलेलं नव्हे, वर्षानुवर्षं रोज लावून जाड झालेलं कुंकू. वर झेंडूचा हार.

"कुंकू लावलं?" माधवचा आवाज फाटला. "जाहिरातीला?"

"जाहिरात कसली?" काकी म्हणाल्या. "आमची बोट हाय ती."

हळूहळू हकिकत कळली. तात्या मालवाहू बोटीवर स्वयंपाकी होते. चित्रातल्या असल्या राजेशाही बोटीवर त्यांनी कधी पाऊलही ठेवलं नव्हतं. एका परदेशी बंदरात मोटारीच्या दुकानातून हे चित्र काढून टाकत होते. तात्यांना त्यात बोट दिसली, म्हणून त्यांनी मागून घेतलं. तेव्हापासून घरातला माणूस पाण्यावर असला की काकी देवपूजा झाल्यावर बोटीला कुंकू लावत आल्या. आधी तात्यांसाठी, आता मुलासाठी. विजू पावसाळ्याच्या आधी बोटीवर गेला होता आणि बरेच दिवस त्याची खबर नव्हती.

मोटार कंपनीने त्या चित्रावर किती पैसा ओतला असेल कोण जाणे, पण या घरात मोटारीकडे कुणी ढुंकूनही बघितलं नव्हतं. एक काकी सोडून. त्याही मोटारीकडे नाही, तर मोटारीत बसलेल्या बाईकडे बघत. हार वारेमाप लांब होता, तो का, हे मला तेव्हा कळलं. काकींनी तो बाजूला केला. त्याच्यामागे तिरकी टोपी घातलेली, ओठ रंगवलेली एक गोरी बाई बोटीकडे बघून हसत होती.

"बघा हिला," काकी मला म्हणाल्या. "ह्यांची बोट लागली की ही मेली धक्क्यार हजर. नायतर कोण कुणासाठी गाडी घेवन येतंय?"

"अगो, तिला गाडी विकायला बसवलीय," तात्या कळवळून म्हणाले. हे वाक्य ते वर्षानुवर्षं बोलत असावेत.

"मग इतक्या वर्षांत विकली का नाय?"

तात्यांनी हार पुन्हा बाईवर ओढला.

जेवताना माधवने धीर करून चित्र मागितलं. तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सार भुरकता भुरकता मागितलं म्हणून बरं, नाहीतर तिथेच घास अडकला असता. काकी म्हणाल्या, "पोरगा पाण्यावर हाय. तो येईपर्यंत घरातली बोट हलवायची नाय." त्या बोलताना डोळ्यांकडे पदर नेत नव्हत्या, भात वाढत होत्या, पण मला एकदम घरी आईकडे ठेवलेला आमचा लहानगा अमोल आठवला. मी माधवला खालून पाय मारला. त्याला तो लागला, कळला मात्र नाही. "काकी, अहो, जपून ठेवीन, काचेत लावीन..."

"बोट नाय," काकी म्हणाल्या. "ती बया पायजे तर घेवन जा. गाडीसकट."

आम्हाला वाटलं त्या थट्टा करताहेत. त्या उठल्या, चित्र उतरवलं, हार देवाला वाहिला आणि आदोळी, म्हणजे आपली विळी, पुढ्यात ओढून बसल्या. त्याच विळीवर थोड्या वेळापूर्वी बांगडे साफ झाले होते. चित्र जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेलं होतं, म्हणजे आमचं नळकांडंही वाया गेलं होतं.

"काकी, नको!" माधव ओरडला. "त्यापेक्षा राहू दे! अख्खं इथेच राहू दे!" सांगायला हवं, तो हे मनापासून म्हणाला. चित्र मिळण्यापेक्षा ते शाबूत राहणं त्याला मोठं वाटलं, आणि त्या क्षणी मला तो फार आवडला.

पण काकींनी पुठ्ठा आडवा धरून धक्क्याच्या कडेने पात्यावर घातलाही होता. पुठ्ठा करकरला. अर्ध्यावर आल्यावर तात्याच पुढे झाले.

"अगो, दोर तुटंल! बोट सुटंल ती!"

काकींचा हात थांबला. त्यांनी त्या खुंटाला बांधलेल्या दोराकडे नीट निरखून बघितलं. रोज कुंकू लावताना त्यांचं लक्ष बोटीच्या टोकाकडे आणि राग बाईकडे, दोर त्यांनी कधी बघितलाच नसावा.

"तरीच," त्या म्हणाल्या. "परक्याच्या धक्क्याला बांधून ठेवलीय आणि मी रोज कुंकू लावतंय. सुटल्याबिगर पोरगा घरी कसा येल?"

आणि त्यांनी दोर कापला.

तात्यांनी वरची बोट उचलून परत भिंतीला लावली. आमच्या हातात मोटार, बाई, धक्का आणि खुंट आला. माधव खरवडल्यासारख्या त्या कडेवर बोट फिरवत बसला होता. निघताना काकींनी त्याचं नळकांडं मागून घेतलं. "रिकामी वस्तू परत द्यायची नाय," म्हणाल्या, आणि त्यात गळ्यापर्यंत सोडे भरले. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: सोडे म्हणजे सुकवलेली कोळंबी. चव स्वर्गीय, पण वास पार्थिव. परतीच्या एसटीत आमच्या शेजारी कुणीही बसलं नाही, त्यामुळे प्रवास ऐसपैस झाला. ते नळकांडं नंतर कितीही धुतलं तरी त्यात ठेवलेले माधवच्या ऑफिसातले नकाशे पावसाळ्यात आपण कोकणातून आल्याचं सांगत.

शिमग्याच्या सुमारास सुर्वे पेढे घेऊन आले. विजू सुखरूप घरी पोचला होता. गावात त्याचं श्रेय बोटीच्या कंपनीला नव्हे, आदोळीला मिळालं होतं. तात्यांनी निरोप धाडला होता की आता बोट न्यायला हरकत नाही. माधव क्षणभर थांबला आणि म्हणाला, "विजू पुन्हा जाणारच ना? असू दे तिथेच." इतकी वर्षं त्याच्याबरोबर संसार केला, पण त्याच्या तोंडून जाहिरात नको असल्याचं तेवढं एकदाच ऐकलं.

पुढे त्याचं वेड ओसरलं. खाटेखालच्या आगबोटी एका हौशी माणसाला देऊन टाकल्या. आमची अर्धी जाहिरात तेवढी जेवणाच्या खोलीत चौकटीत राहिली. काच लावायची माधवची फार इच्छा होती, पण एसटीत चित्राला लागलेला सोड्यांचा वास कोंडेल म्हणून मी लावू दिली नाही. आलागेला विचारतो, ही बाई कुठे बघून हसतेय? कारण तिच्या वर आता नुसती लाकडी पट्टी आहे आणि खुंटाचा दोर त्या पट्टीपाशी संपतो. रत्नागिरीला जायला आता रेल्वे आहे, लॉजचे पंखेही फिरत असतील. जाऊन या. आंब्याच्या दिवसांत नाही गेलात तरी चालेल.

अमोल शिकायला परदेशी गेला त्या दुपारी आम्ही त्याला सोडून घरी आलो. मी बॅग ठेवली, पाणी प्यायले आणि सहज भिंतीकडे लक्ष गेलं. लाल मोटारीच्या बॉनेटवर कुंकवाचं बोट उमटलं होतं, ओलं, जरा वाकडं. मी लावलं नव्हतं, आणि घरात आम्ही दोघंच होतो.